अनसाबाईंनी आबांना दिलेली ताकीद

तळेगाव ढमढेरेच्या अनसाबाई चर्चमधली रविवारची मिस्सा कधी चुकवत नाहीत. तरी आमच्या धर्मग्रामात त्यांची ओळख झाली ती एका बैलामुळे.

त्यांचे पती दगडोबा हे पोपटराव आबांचे सालगडी. आबांचा शर्यतीचा बैल, बादल, मारका होता. गोठा अरुंद, गव्हाण आतल्या भिंतीला. वैरण टाकायची तर बैलाच्या अंगाला घासूनच आत जावे लागे. पावसाळ्यात त्याने दगडोबांना भिंतीशी दाबले. बरगड्या मोडल्या. बरे होताच ते पुन्हा आत जाऊ लागले, कारण पाडव्यापर्यंत साल पुरे करायचा शब्द दिलेला होता.

"आबा, गव्हाणीमागची भित फोडा. भाईरनं वैरण टाकता यील," अनसाबाई सांगत.

"आन् रस्त्यावरल्या समद्यांची नजर लागू दे व्हय माझ्या बैलाला?" आबा हसत. "मारका हाय म्हणून तर पळतोय त्यो."

त्याच सुमारास अनसाबाईंच्या घरी प्रार्थनासभा झाली. फादरांनी बायबलमधल्या निर्गम ग्रंथातले चाकरांचे आणि जनावरांचे नियम वाचले. बैल मारका आहे अशी ताकीद मिळूनही मालकाने तो आवरला नाही आणि माणूस मेला, तर दोष मालकाचा. मात्र मेलेला गुलाम असेल, तर त्याच्या धन्याला चांदी दिली आणि बैल मारला की प्रकरण मिटले.

"म्हंजी चाकराचा जीव हलका व्हय, फादर?" अनसाबाईंनी मध्येच विचारले.

"त्या लोकांची मनं कठीण होती, बाई. चाकराचं मरण हिशेबात धरायचं, इतकंच त्यांना तेव्हा पेललं. पुढं प्रभू स्वतःच दास होऊन आला. आता कोणाचा जीव हलका म्हणायची सोय उरली नाही."

दुसऱ्या दिवशी आबांच्या अंगणात बैल बघायला शौकीन जमले होते. अनसाबाई सरळ मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"आबा, बैल मारका हाय. मी तुम्हाला सांगितलं. ही समदी माणसं ऐकत्यात."

कोणी हसले नाही. आबांनी दगडोबांना गोठ्यातून काढून उसाला पाणी द्यायच्या कामावर पाठवले. अनसाबाईंचे काम झाले होते.

पण सकाळी गोठ्याच्या दारात त्यांना बिहारचा एक नवा गडी दिसला. डोक्यावर वैरणीचा भारा. आतून साखळीचा खळखळाट येत होता. अनसाबाई उंबऱ्यावर बसल्या.

"अंदर मत जा, बाबा."

आबा धावत आले. "तुमचा माणूस काढला न्हवं? ह्यो कोण लागतो तुमचा?"

"कोण न्हाई लागत."

"मग उठा!"

"न्हाई, आबा."

"बैल काय वाघ हाय का?" आबांनी गड्याच्या डोक्यावरचा भारा हिसकला आणि अनसाबाईंना ओलांडून ते आत शिरले. बादलने मान वळवली, शिंग खाली घेतले. साखळी ताणली गेली. आबा थांबले. मग पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे टाकत बाहेर आले. भारा आतच पडला होता. तो आणायला कोणी पुढे झाले नाही.

"सत्यजीत," आबांनी नातवाला हाक मारली, "पहार आण. आन् गवंड्यालाबी बोलीव."

गवंड्याने भिंतीवर बाहेरून पहिला घाव घातला. लगेच आतून बैलाने त्याच जागी धडक दिली, आणि गवंडी पहार टाकून लांब जाऊन उभा राहिला.