तिला यातलं काही विचारू नका

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. तुमच्याजवळही बोललो नसतो, पण परवा पाळी गावच्या वाचनालयात माझं भाषण झालं, शाल-नारळ झाला, आणि घरी येऊन हात धुताना आरशात स्वतःचं तोंड दिसलं. शिसारी आली. आता ऐकाच.

मी भूगोलाचा मास्तर. इथे गोव्यात, डिचोलीतच नोकरी झाली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. पण तालुक्यात मला ओळखतात ते एका भाषणासाठी. खंड कसे सरकले! शाळा, वाचनालयं, चवथीतली गणपतीची मंडळं, सगळीकडे हेच. आधी मी नकाशा दाखवतो. दक्षिण अमेरिकेचा फुगवटा आफ्रिकेच्या खळग्यात कसा बसतो, ते. मग तो जर्मन माणूस, हवामानाचा अभ्यासक, ज्यानं शंभरेक वर्षांपूर्वी म्हटलं की हे सगळं एकच होतं, फाटलं आणि दूर गेलं. विद्वान त्याला हसले. तू वारा-पाऊस मोजणारा, तुला दगडांतलं काय कळतं? एवढाले खंड ढकलणारी ताकद कुठली, ते सांग! ते त्याला नीट सांगता आलं नाही. ग्रीनलंडच्या बर्फात तो मेला, आणि आपण बरोबर होतो हे त्याला कधी कळलंच नाही... इथे माझा आवाज दाटतो. दर वेळी, याच वाक्याला. हुकमी रडता येतं मला — माहीत होतं तुम्हाला?

मग मी पिशवीतून चौकड्याचं कापड काढतो. वेडेवाकडे फाडलेले दोन तुकडे. म्हणतो, कडा काय, योगायोगानंही जुळतील. पण ही तांबडी रेघ बघा. या तुकड्यात तुटली ती त्या तुकड्यात पुढे चालू होते. दोन किनाऱ्यांवरचे खडकांचे थर तसेच, दगडात अडकलेले प्राणीही तेच. मग दुसरं कापड, पट्ट्यापट्ट्यांचं. मधल्या रेघेपासून दोन्हीकडे पट्टे सारख्याच क्रमानं गेलेले. अटलांटिकच्या तळाशी मधोमध डोंगररांग आहे, तिच्या दोन्ही अंगांना खडकांतल्या चुंबकत्वाचे असेच पट्टे सापडले. म्हणजे मध्ये नवा तळ घडतोय आणि जुना दोन्हीकडे सरकतोय. तेव्हा कुठे विद्वानांनी मान डोलावली. इथे टाळ्या पडतात.

ही कापडाची युक्ती माझी नाही. शालनची आहे, माझ्या बायकोची.

ती पेडण्याची. घरी मशीनवर ब्लाउज शिवायची. पहिलं भाषण ठरलं तेव्हा वाचनालयाची मंडळी आमच्या बाल्कांवात, दारापुढच्या सोप्यावर, चहा घेत बसली होती आणि मी अडलो होतो — नुसत्या कडा जुळल्या म्हणजे पुरावा का नव्हे, हे सोपं करून सांगता येईना. ती आतून दोन तुकडे घेऊन आली. "कड कोणाचीय जुळात," म्हणाली. "रेघो जुळतत काय ता बघा."

आणि मी काय म्हटलं? "हिचो भूगोल ब्लाउजाच्या काखेत सुरू जाता आनी थंयच सोंपता."

हसले सगळे. तीही थोडी हसली, आत गेली, मशीन चालू झालं. आणि आठवड्याभरात तिचेच तुकडे घेऊन मी टाळ्या मिळवल्या. तू वारा-पाऊस मोजणारा — हे ज्या तोंडानं मी दाटून येऊन सांगतो ना, तेच हे तोंड. थू!

तुम्ही म्हणाल, संसारात असं चालतंच. खरंय. शालननंही कधी वाकडा शब्द काढला नाही. पट्ट्यांचं कापड तर पुढे तिनंच सुचवलं, दर भाषणाआधी इस्त्री करून पिशवीत घालायची, पहिल्या रांगेत बसायची. एवढंच असतं तर मी हे तोंड उघडलंच नसतं. मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही. बघा ना, अजूनही टाळतोच आहे.

मुळगावला एक शिक्षिका होत्या, नूतनबाई. शालनकडेच ब्लाउज शिवायच्या. माप देता देता दोघींच्या गप्पा चालत. एकदा शालननं त्यांना ते तुकडे दाखवून सगळं समजावलं. मी पडवीत ऐकत होतो. काय सांगू — माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. आवाज दाटवणं नाही, काही नाही. समोरच्या बाईला कळावं एवढीच खटपट.

दुसऱ्या दिवशी नूतनबाई मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, वहिनींना आमच्या शाळेत पाठवा, मुलींना हे त्यांच्याच तोंडून ऐकू दे. मी आज त्यांना विचारायला येते.

मी क्षणभरही विचार केला नाही हो. एवढं गोड खोटं माझ्या जिभेवर तयारच होतं. म्हटलं, नको. ती फार शिकलेली नाही, माणसांत बोलायचं म्हटलं की तिला कानकोंडं होतं. मागे एकदा असंच कुणी बोलावलं, तर कितीतरी दिवस रडत होती. तिला यातलं काही विचारू नका. आणि ही कापडाची गोष्ट तिच्यासमोर काढूही नका — तिला वाटतं लोक थट्टा करतात.

थट्टा कोण करत होतं?

नूतनबाईंचा चेहरा पडला. सभ्य बाई. आपण नकळत कुणाला दुखावलं, या लाजेनं त्यांनी आमच्याकडे येणंच सोडलं. मुळगावच्या शाळेत मी गेलो. पिशवीत शालननं इस्त्री केलेले तुकडे होते.

आणि शालन? तिला वाटलं, ब्लाउज बिघडला. शेवटचा शिवलेला तो आकाशी — बाही घट्ट झाली असेल, काखेत ओढत असेल. तिनं निरोप पाठवला, उसवून देते म्हणून. उत्तर आलं नाही. मग दुसऱ्या बायकांचे ब्लाउज पुन्हा पुन्हा मापायला लागली, शिवलेलं उसवायला लागली. हळूहळू बाहेरचं शिवणंच बंद केलं. हातातली कला होती तिची. ती माझ्या डोळ्यांदेखत गेली आणि मी पेपर वाचत बसलो.

परवा पाळीला नूतनबाई मागच्या रांगेत होत्या. केस पांढरे झालेले. भाषण संपल्यावर त्यांनी लांबूनच शालनकडे बघून हात जोडले — आजाऱ्याकडे बघतात तसं बघून — आणि निघून गेल्या.

घरी येताना गाडीत शालननं तुकड्यांची नीट घडी घातली. मग म्हणाली, "बाईंचो राग अजून गेलो नाय. माझाच माप चुकला असात."

मी म्हटलं, "असात."

पुढच्या आठवड्यात लाटंबार्सेला भाषण आहे. तुकडे तिनं इस्त्री करून ठेवलेत.