पंप बदलला होता

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. बायकोजवळ नाही, आई होती तेव्हा तिच्याजवळही नाही. आणि बाळूजवळ — ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं — त्याच्याजवळ तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय. मध्येच अडखळलो तर थोडं थांबा, मी पुन्हा सुरू करीन.

मी मोटारसायकलचा मेकॅनिक. घराण्यात सगळे कारकून, त्यामुळे मी हातात पाना घेतला तेव्हा वडिलांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. बाळूनं मात्र — शाळेपासूनचा दोस्त, शेतकरी घरातला — पहिल्याच दिवशी आपली मोपेड माझ्यापुढे उभी केली आणि म्हणाला, ‘खोल हिला. बिघडली तर बिघडली.’ असा माणूस. पुढे शहर पसरत पसरत जालना रोडनं थेट त्याच्या शेतापर्यंत आलं. तेव्हापासून आमचा एकच विषय — रस्त्याला लागून त्याचा तुकडा आहे, तिथं दोघांचं मोठं गॅरेज टाकायचं. जागा त्याची, हात माझे. किती वर्षं बोललो हे? चहाच्या प्रत्येक कपावर बोललो.

मग थोडी जमीन विकली गेली आणि बाळूनं ती मोटारसायकल घेतली. सुपरचार्जरची. साधं इंजिन हवा आपली आपण ओढून घेतं. हिच्यात ती दाबून भरली जाते. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही तेवढ्याच जोरानं पोचावं लागतं. टाकीतला पंप थकला की हळू चालवताना काही कळत नाही, पण ऐन वेगात जोर मागितला की इंजिन मान टाकतं. बाळूच्या गाडीचं तेच होत होतं. त्यानं नवा पंप मागवला, डबा माझ्या हातात दिला, रविवारी खुलताबादला जायचंय म्हणाला आणि गेला.

मी टाकी रिकामी करून उतरवली, जुना पंप बाहेर काढला. तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ गणेश आला. साधा माणूस, पोटात काही राहत नाही. ‘दादा, तुम्हाला बोलला असंल की भाऊ,’ तो म्हणाला. ‘त्या जागेवर पुण्याचा पार्टनर घिऊन शोरूम टाकायलाय. मेकॅनिकबी तिकडूनच येणार म्हणं. रविवारी त्याच पाहुण्याला गाडी दाखवायला चाललाय.’

नव्हता बोलला.

मला आधी काय वाटलं, सांगू? राग नाही — लाज. अख्ख्या गल्लीला मी ‘आमचं गॅरेज’ सांगत फिरलो होतो. दोस्तानं मला मोजलंच नव्हतं, आणि हे मला त्याच्या भावाकडून कळत होतं. राग नंतर आला, आणि आला तो हटला नाही. मी नवा पंप डब्यातच ठेवला. जुन्याची जाळी साफ केली आणि तोच परत बसवला. पाहुण्यापुढे गाडी बंद पडावी, बाळूचं तोंड उतरावं — एवढंच मनात होतं. एवढंच? वेगात गाडी बंद पडली तर काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बाळू गाडी न्यायला आला तेव्हा पंप बदलला का, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. पाठीवर थाप मारली आणि गेला. शोरूमचं तेव्हाही बोलला नाही.

ते दुष्काळाचं साल. नळाचा भरवसा नव्हता. टँकर आला की घराघरातून बादल्या, हंडे, कॅन बाहेर पडायचे — पेट्रोलचे कॅनसुद्धा धुऊन पाण्याला लावलेले. रविवारी सकाळी गाडीची टाकी जवळपास कोरडी होती. मीच केली होती ना. म्हणून गणेशनं घरच्या कॅनमध्ये पेट्रोल आणून ओतलं. त्याच कॅनमध्ये आदल्या दिवसापर्यंत पाणी होतं.

दौलताबादच्या पुढं, चढावर, एका बसला मागे टाकताना गाडीनं मान टाकली. समोरून जीप आली. बाळू वाचला. उजवा गुडघा गेला, तेव्हापासून काठी.

दवाखान्यात त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, ‘पंप तर नवा होता ना रे? मग कशानं झालं?’ तिथं बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. आणि बाहेर काय आलं? — ‘पेट्रोलात पाणी असंल.’ सगळ्यांनी गणेशकडे पाहिलं. तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

त्याच दुपारी मोडकी गाडी टेम्पोत घालून गॅरेजवर आणली. टाकी शाबूत होती. पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. पाणी असलं तर ते तळाशी बसतं, लगेच दिसतं. एक थेंब नव्हता. गणेशनं कॅन पार कोरडा करून घेतला होता. मग मी शटर ओढलं, डबा फोडला आणि नवा पंप बसवला. नवी सील, सगळे बोल्ट सारखे आवळलेले — इतकं नीट काम मी क्वचितच केलं असेल. पंप मी बदलला तो असा. अपघातानंतर.

जुना पंप हर्सूलच्या तलावात टाकायला नेला. तळ उघडा पडलेला, भेगाच भेगा. बुडवायला पाणीच नव्हतं. परत आणला. माझ्या माळ्यावर आहे.

पुण्याचा पाहुणा पुन्हा फिरकला नाही. बाळूनं भावाशी बोलणं तोडलं, घराच्या मधून भिंत घातली. सख्ख्या भावानं घात केला, एवढं सांगून तो म्हणतो, तूच एक आपला निघालास. हे तो मला म्हणतो — मला! — आणि मी ऐकून घेतो. शोरूमचं मी त्याला कधी विचारलेलं नाही. कोणत्या तोंडानं विचारू?

गेल्या आठवड्यात गणेश स्कूटर ढकलत माझ्याकडे आला. पेट्रोल संपलं होतं, ते बाटलीत आणलं होतं. ओतण्याआधी त्यानं बाटली उन्हात धरली आणि तळाशी कितीतरी वेळ बघितलं. मग ती माझ्यापुढे केली. ‘दादा, तुम्हीच बघा. माझा माझ्यावर भरवसा नाय.’

मी बाटली घेतली, उन्हात धरली आणि साफ आहे म्हणालो.