दहा फुटांवरचा सत्कार

मी पाण्याखाली दहा फुटांवर दोर धरून लटकलो होतो आणि वर तलावाच्या काठावर माझ्या सत्काराची तयारी झाली होती. मला याची कल्पना नव्हती. असती तर सकाळी आलो तसा घरी गेलो असतो.

मी डायव्हर. नौदलात पाण्याखालच्या कामांत उमेदीची वर्षं घालवली, पेन्शन घेऊन होटगीला घरी आलो आणि सोलापूरला पाणी पुरवणाऱ्या खात्यात लागलो. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. उजनीचं धरण अजून बांधून व्हायचं होतं. शहराची बरीचशी भिस्त गावाबाहेरच्या जुन्या तलावावर. त्या तलावाच्या तळाशी पाणी सोडायचं लोखंडी दार असतं, त्याला गेट म्हणतात. गेटच्या खाचेत बाभळीचा ओंडका अडकून बसला होता. गेट वर सरकेना, निम्म्या शहराच्या नळांना पाणी येईना. तळ साठ-पासष्ट फूट खाली. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. त्यामुळे पाठीवर हवेची सिलिंडरं, तोंडात नळी आणि कमरेला दोर असा आमचा संसार. दोराचं दुसरं टोक काठावर सिदरामप्पाच्या हातात.

सिदरामप्पा कुंभारीचा, माझ्याच वयाचा. त्याला पोहता येत नाही. पण दोराला कशी ओढ बसते त्यावरून मी खाली काय करतोय हे त्याला समजायचं. काम झालं, वर निघतोय, थांबलोय, ओढून घे, अशा आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. ओढून घे ही खूण मी त्याला तोवर कधी दिली नव्हती.

आता वयाचं सांगतो, कारण सगळा वाद त्यावरूनच झाला. पाण्याखाली आपण जी हवा घेतो ती दाबाखालची असते. ती रक्तात विरघळते. सावकाश वर आलं तर ती श्वासावाटे निघून जाते. झटक्यात वर आलं तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तेच रक्तात होतं. बुडबुडे धरतात. सांध्यात धरले तर माणूस कळवळतो, मणक्यात धरले तर पाय जातात. म्हणून वर येताना वाटेत थांबायचं. किती थांबायचं याचा नौदलाचा तक्ता असतो. पण तो तक्ता विशी-पंचविशीतल्या पोरांच्या अंगावर बेतलेला. मी पन्नाशी ओलांडली होती. रक्त पूर्वीसारखं धावत नाही, हे मला जिना चढताना कळत होतं, मग पाण्यात काय वेगळं असणार होतं?

म्हणून मी सवयी बदलल्या. तक्ता सांगतो त्याहून जास्त थांबायला लागलो. सर्दी असली की उतरायचं नाही. दोन बुड्यांमध्ये चांगली विश्रांती, आणि दिवसाला दोनाच्या वर बुड्या नाहीत. बायकोनं विणलेला जाड स्वेटर आत. वर आल्यावर जड काही उचलायचं नाही, सिलिंडरसुद्धा गडी उचलणार. या शेवटच्या गोष्टीची मला स्वतःला लाज वाटायची. पण मला साठीपर्यंत पाण्यात उतरायचं होतं. दुसरं काही मला येत नाही, आणि आवडतही नाही.

आमचे इंजिनियर इनामदारसाहेब. त्यांना हे सगळं नाटक वाटायचं. त्या दिवशी सकाळी पहिली बुडी मारून मी काठावरच्या बाभळीखाली बसलो होतो.

"काय मल्लिनाथ, झोप काढताय?"

"विश्रांती घेतोय साहेब. ओंडक्याला साखळी लावलीय. दुसऱ्या बुडीत सुटेल."

"मग उतरा की आत्ताच."

"आत्ता नाही. रक्तातली हवा अजून निघायचीय."

"मागं तर तुम्ही असं काही करत नव्हता."

"मागं मी लहान होतो."

"वय झालं म्हणा ना सरळ," साहेब हसले. "पाणबुड्याच पाण्याला भ्यायला लागला तर खात्यानं कुणाकडे बघायचं?"

मला पाण्याची भीती कधीच वाटली नाही. पाण्याचे नियम ठरलेले असतात. काठावरच्या माणसांचे नसतात, हे मात्र मी त्या दिवशी विसरलो.

दुपारी उतरलो. पहार लावून लावून खांदे भरून आले, पण ओंडका निघाला. वरच्या लोकांनी साखळीनं तो बाजूला ओढला, गेट सरकलं. 'काम झालं, वर निघतोय' अशी खूण देऊन मी सावकाश वर आलो आणि दहा फुटांवर थांबलो. 'थांबलोय' अशीही खूण दिली. मन शांत होतं. घरी जाऊन ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खायची, एवढाच विचार डोक्यात होता.

वर काय झालं ते मला सिदरामप्पानं नंतर सांगितलं. गेट आज सुटणार असं ऐकून पाणीपुरवठा समितीचे सभापती मोटारीनं आले होते. बरोबर फेटा, हार, नारळ, फोटोवाला. त्यांना पुढे कुर्डुवाडीला दुसरा कार्यक्रम होता आणि ते सारखे घड्याळ बघत होते.

"काम झालंय ना? मग हा खाली काय करतोय?" इनामदारसाहेबांनी विचारलं.

"थांबलाय त्यो, साहेब. अंगातली हवा जिरवायलाय. आजून टाईम हाय."

"हवा वर येऊन जिरवू दे की. वर काय हवा कमी आहे? ओढ त्याला."

"त्येनं खूण दिल्याबिगर मी वडणार न्हाय."

मग साहेबांनी दोन शिपायांना सांगितलं. एकानं सिदरामप्पाला धरलं, दुसऱ्यानं दोर.

मला कमरेला हिसका बसला. सिदरामप्पाचा हात असा नसतो, एवढं मला कळलं. अशा वेळी श्वास कोंडला तर फुप्फुस फाटतं. मी तोंडानं हवा सोडत राहिलो आणि पुढच्या क्षणी चिखलातून फरफटत काठावर होतो. तोंडातली नळी काढेपर्यंत डोक्यावर फेटा आला होता.

मला पुन्हा पाण्यात, दाबाखाली जायचं होतं. "मला खाली जाऊ द्या," मी म्हणत होतो. फोटोवाला म्हणत होता, "इकडं बघा." सभापती माझ्या जिद्दीवर बोलत होते. या वयातही तरुणांना लाजवणारी जिद्द, असं काहीतरी. त्यांचं भाषण चालू असतानाच माझा डावा खांदा आतून पिळायला लागला. नारळ हातात दिला, तो हातातून पडला. लोकांना वाटलं मी गहिवरलो. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आज इतक्या वर्षांनीही त्या टाळ्या आठवल्या की माझं डोकं फिरतं.

सभापती गेल्यावर मी साहेबांना म्हटलं, "खांद्यात बुडबुडे धरलेत. मला आजच मुंबईला पाठवा." पुन्हा दाबाखाली बसवून हळूहळू दाब उतरवायची लोखंडी खोली असते, ती तिथं होती.

"मुंबई? अहो, पहार मारलीत, खांदा भरला असेल. वय झालं की सांधे धरतातच. घरी जाऊन निर्गुडीचा शेक घ्या."

सकाळी मी काळजी घेत होतो तेव्हा माझं वय झालं होतं. भाषणात माझं वय कौतुकाचं होतं. खांदा गेला तर पुन्हा दोष वयाचाच. दोर ओढणाऱ्या हातांकडे कुणी बघायला तयार नव्हतं.

सिदरामप्पानं साहेबांशी वाद घातला नाही. त्यानं टांगा आणला, मला स्टेशनवर नेलं आणि माझ्याबरोबर गाडीत बसला. "मल्लूअण्णा, मी न्हाय वडलं," एवढंच तो वाटभर म्हणत होता. मुंबईला त्या खोलीत घातल्यावर दुखणं उतरलं. पण हात कानाच्या वर जाईना, तो आजही जात नाही. खात्यानं मला अनफिट ठरवून घरी बसवलं. ज्या कामासाठी एवढा जपत होतो, तेच काम गेलं.

पुढच्या वर्षी गेट पुन्हा अडकलं. बाहेरून एक तरुण आणला होता, तो गढूळ पाणी बघून परत गेला. मग इनामदारसाहेबांची जीप होटगीला माझ्या दारात उभी राहिली. डॉक्टरनं तोवर मला जपून उतरायला हरकत नाही म्हटलं होतं. पण मी लगेच हो म्हटलं नाही.

"माझ्या अटी आहेत. दिवसाला एकच बुडी. दोराला सिदरामप्पाशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि सत्कार करायचा असेल तर मी उतरायच्या आधी करायचा."

"आधी? आणि काम झालं नाही तर?"

"तर हार परत घेऊन जा."

साहेबांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी करत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभापतींनी काठावर, कोरड्या अंगानं उभ्या असलेल्या माझ्या गळ्यात हार घातला. फोटो निघाला. मी तो हार काढून सिदरामप्पाच्या गळ्यात घातला, दोर त्याच्या हातात दिला आणि पाण्यात उतरलो. काम झाल्यावर दहा फुटांवर मनसोक्त थांबलो. वर आलो तेव्हा काठावर तो एकटाच होता. बाकीचे सगळे कधीच निघून गेले होते.

वर यायची घाई करू नये, हे मला नौदलानं शिकवलं. वर कुणाला घाई आहे ते उतरण्याआधी बघून घ्यावं, हे वयानं.