खांबाची गोधडी

आमच्या घराच्या मधल्या खांबाला एक जुनी गोधडी गुंडाळून सुतळीने बांधलेली होती. जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत. कुणा पाहुण्याने विचारलंच, तर आई म्हणायची, "पोर डोकं आपटे, म्हणून बांधली." पोर म्हणजे ताई, हे मी धरूनच चालले होते. दुसरं कोण असणार?

ताई चौदाची, मी दहाची. भाताची रोवणी संपली आणि तिचं बिघडलं. जेवण बंद, बोलणं बंद. एका सकाळी विहिरीवर तिने मागून माझी मान धरली. दोन बायांनी मिळून तिचे हात सोडवले. मार्कंड्याच्या देवाला नवस झाला, गंडेदोरे झाले. शेवटी आरमोरीहून मोटारीने तिला नागपूरला नेलं आणि वेड्यांच्या दवाखान्यात ठेवलं. गाव हळहळलं. मी मात्र ते दोन महिने पोटभर जेवले. खोटं कशाला सांगू?

दिवाळीनंतर आई तिला आणायला निघाली, तेव्हा मलाही सोबत घेतलं. वाटभर माझा हात मानेवर होता.

डॉक्टर वयस्कर, चष्मेवाले. त्यांनी आईला विचारलं, "लहानपणी कशी होती ही? चावणं, आदळआपट? तेव्हापासूनचं असेल तर आणखी काही महिने ठेवून घेऊ."

"नाई जी," आई म्हणाली. "गाईवानी गरीब होती."

आई लपवते आहे, असंच मला वाटलं. म्हणजे ताई आज घरी येणार, माझ्याच शेजारी झोपणार. मी मध्येच ओरडले, "खोटं! मंग खांबाले गोधडी काऊन बांधली? ताई डोकं आपटे ना!"

आई रागावली नाही. त्यानेच मी जास्त घाबरले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ते इच्यासाठी बांधली, साहेब. मोठी नाई, हे लहानी आपटे. रक्त निघेपर्यंत."

डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "अजून करते?"

गेल्याच आठवड्यात पाटी फुटली म्हणून मी भिंतीवर डोकं आपटलं होतं, आईच्या देखत. त्याला मी राग म्हणत होते. डॉक्टरांच्या मागे जाळीचं दार होतं, त्यामागे मुली बसलेल्या दिसत होत्या. त्यांच्यात एक जागा रिकामी आहे आणि ती माझीच, असं मला वाटलं.

"नाई जी," आई म्हणाली.

येताना मोटारीत ताई माझ्या शेजारी बसली. फार वाळली होती. मी सरकले नाही. तिला भ्यायचं की स्वतःला, तेच मला कळेना.

घरी पोचल्यावर आईने हातपाय धुतले, चूल पेटवली, भात टाकला. मग खांबाची सुतळी सोडली, गोधडी वर सरकवली आणि माझ्या कपाळाच्या उंचीला पुन्हा घट्ट बांधली.