पंख्यावरची झेंडूची माळ

झेंडूचा वास आला की आजही माझे हात गार पडतात. धुळ्याच्या धावपट्टीवर आम्ही काही निवृत्त मेकॅनिक हवाई दलाचं जुनं विमान हौसेनं दुरुस्त करत होतो. ते पुन्हा उडवायचं होतं. दसऱ्याला विमानाच्या पंख्याला माळ घातली. खालच्या पात्याला कुंकू लावायला आमच्यातल्या नानांनी पंखा हातानं फिरवायला घेतला. इंजिनचा स्विच चालू राहिला, तर पंखा नुसता हातानं फिरवला तरी इंजिन सुरू होऊ शकतं.

"स्विच बंद शे ना?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"शे, नाना," मी न बघताच म्हणालो.

इंजिन एकदम धडाडलं. पाकळ्या उधळल्या. नाना मागे पडले. बोटं लाल होती, पण ते कुंकूच होतं. बाकीचे आनंदानं टाळ्या वाजवत होते. मी कॉकपिटमध्ये वाकलो. स्विच चालूच होता.

नाना अजून सांगतात, "त्या दिवशी देवीनी पूजा मानी लिधी."

देवीनं पूजा स्वीकारली, असं ते म्हणतात आणि त्यांच्या दहा बोटांकडे बघत मी नुसती मान हलवतो.