हिरव्या गिटारीचा पंचनामा

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता विसरायला झाल्या आहेत. पण वसईच्या ठाण्यात, मुद्देमालाच्या टेबलावर उताणी पडलेली ती हिरवी गिटार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

साल एकोणीसशे ऐंशीच्या आसपासचं. मी मराठवाड्यातल्या खेड्यातला, सातवीतून शाळा सोडलेला. भरती होऊन इकडे आलो तेव्हा समुद्रसुद्धा पहिल्यांदाच पाहिला. नाईकाचा हवालदार झालो त्याच आठवड्यात हा तपास माझ्याकडे आला. स्वभाव मूळचा घाबरट. पहिल्याच तपासात चुकलो तर फीत जाईल, मग गावी काय तोंड दाखवू, ही सततची धास्ती.

फिर्यादी उमेळ्याचे, लग्नात वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्राचे मालक. ते सांगत होते, "हवालदारसाहेब, विजेवरची गिटार आहे, हिरवी. अख्ख्या तालुक्यात हिरवी गिटार एकच, ती माझी." ती वाजवणारा त्यांचा माणूस महिन्यापूर्वीच नोकरीसाठी आखातात गेला होता. मालकांना स्वतःला वाजवता येत नव्हतं. मी फिर्यादीत 'हिरवी' एवढंच लिहिलं. कंपनी, मॉडेल, बिल, काही विचारलं नाही. गिटारीला मॉडेल असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांनी खबर मिळाली की पाचूबंदरला एका हळदीत हिरवी गिटार वाजली. सकाळीच दोन शिपाई घेऊन गेलो. पंचविशीतला एक कोळी तरुण घराच्या ओट्यावर तारा पुसत बसला होता. गिटार हिरवी. त्याला ताब्यात घेतलं आणि पंचनामा केला, 'हिरव्या रंगाची, विजेवर चालणारी, सहा तारांची, पोटाला भोक नसलेली गिटार, नग एक.' ते भोक नसलेलं वाचून आमचे फौजदारसाहेब पाच मिनिटं हसत होते.

चौकशीत तो एकच सांगत राहिला.

"मामानं दिली, साहेब. मामा जहाजावर होता."

"मामाला बोलव."

"मामा वारला."

"सोयीचा वारला," आमचा रायटर मान वर न करता म्हणाला. ठाण्यातली सगळी लिखापढी त्याच्या हातात, आणि इंग्रजी वाचता येणारा आमच्यात तोच एक.

मग तो तरुण माझ्याकडे वळला. "साहेब, मलापन जहाजावर बोलावणं आलंय. पुढच्या आठवड्यात पोलिसांचा दाखला द्यायचाय. केस लागली तर संपलं."

असं सगळेच म्हणतात. त्याला कोठडीत बसवला. साहेबांनी हुकूम दिला, "उद्या अकराला कोर्टात हजर कर. रिमांड माग."

दुपारी त्याची आई आली. डोक्यावर मासळीची टोपली नव्हती, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यातून तिनं घड्या पडलेला एक कागद काढला. बंदरावरच्या जकातीचा होता, इंग्रजीत. रायटरनं वाचला. इलेक्ट्रिक गिटार, नग एक, पुढे मॉडेलचं नाव, आणि रंग निळा.

रायटर हसायला लागला. "मावशी, तुझाच कागद तुझ्या पोराला बुडवतोय. यात निळी लिहिलीय."

"आनली तवा निळीच होती रं. मंग झाली हिरवी."

"गिटार काय कैरी आहे, रंग बदलायला?"

सगळं ठाणं हसलं. मीही हसलो. आज ते लिहिताना लाज वाटते. म्हातारी मात्र रागावली नाही. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "तू हिकडचा नाय ना? जेवलास का? आई कुठं असते तुजी?"

मी उठून मागच्या पडवीत गेलो.

तिथं माझा जुना शर्ट ठेवलेला होता. नाईकाच्या दोन फिती उसवून हवालदाराची तीन फितींची पट्टी लावायची होती. हाताला काहीतरी काम हवं म्हणून ब्लेड घेऊन टाके तोडू लागलो. फीत निघाली आणि खाली खाकीचे दोन गडद पट्टे दिसले. बाकीची बाही उन्हानं आणि धुण्यानं विटून मातकट झालेली. फितीखाली मात्र शर्ट मिळाला त्या दिवशीचाच रंग. फीत उसवलेला प्रत्येक पोलीस हे बघतो. मीही पूर्वी बघितलं होतं, पण त्या दिवशी बघून हात थांबला.

गिटारीवर तारांच्या खाली एक पांढरी प्लॅस्टिकची पाटी होती, स्क्रूनं बसवलेली. तिच्याखाली काय रंग असेल?

धावत साहेबांकडे गेलो. बोलताना शर्ट हातातच होता. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी बाही उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "पंच बोलव. उघडायची ती पंचांसमक्ष. आणि तू हात लावू नकोस, जाणकार आण."

जाणकार मिळाला वटारला. म्हातारा ख्रिस्ती सुतार, चर्चमधली व्हायोलिनं आणि बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायचा. तो सायकलवरून आला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, गिटार त्यावर ठेवली. आधी तारा सैल केल्या, मग एकेक स्क्रू काढून ओळीनं मांडला. आई दाराशी उभी होती. कोठडीच्या गजांशी मुलगा.

पाटी उचलली. खाली निळा. पाटीच्याच आकाराचा, स्वच्छ निळा.

रायटर खुर्चीतून उठून जवळ आला. सुतारानं चष्मा सरकवला. "रंग निळाच हाय. वरचं पॉलिश जुनं झालं की पिवळं पडतं, उजेडानं, चुलीच्या धुरानं. निळ्यावर पिवळं चढलं की तुम्हाला हिरवं दिसणार. पाटीखाली उजेड गेलाच नाय."

मग त्यानं दांडी सोडवली. तिच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का होता. रायटरनं कागद शेजारी धरून एकेक अक्षर ताडून पाहिलं. मॉडेलचं नाव तेच.

त्याच संध्याकाळी ऑर्केस्ट्राच्या मालकांना बिल घेऊन बोलावलं. त्यांची गिटार निघाली आपल्याकडंच बनवलेली, त्याच आकाराची नक्कल, कारखान्यातून हिरवीच आलेली. माणूस खोटा नव्हता. वाद्य त्यांनी कायम स्टेजच्या खालून, रंगीत दिव्यांत पाहिलेलं. पुढे महिन्याभरानं ती कामणच्या गोदामात, मांडवाच्या कापडाखाली सापडली. आखातात गेलेला माणूस ती तिथं ठेवून गेला होता. चोरी झालीच नव्हती.

साहेबांनी पुरावा नसल्याचा, कलम एकशे एकोणसत्तरचा अहवाल करून तरुणाला जातमुचलक्यावर सोडलं आणि त्याच्या दाखल्याचा कागद स्वतः पुढे पाठवला. मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "शर्ट शिवून घे."

त्या दोघांचं, साहेबांचं आणि सुताराचं, ऋण माझ्यावर आहे. साहेब हसून टाळू शकले असते. सुतारानं येण्याजाण्याचे पैसेही घेतले नाहीत. सगळ्यात जास्त ऋण त्या माऊलीचं. मी तिचा मुलगा कोठडीत टाकला होता आणि ती मला जेवलास का विचारत होती. त्या प्रश्नानं मी जागेवरून उठलो नसतो तर फीत उसवायला गेलो नसतो.

त्यानंतर फौजदार होऊन निवृत्त होईपर्यंत मी कुठल्याही पंचनाम्यात नुसता रंग लिहिला नाही. 'पाहताना अमुक रंगाची दिसणारी' असंच लिहायचो. नवीन पोरं हसायची. हसू देत. माणसाबद्दल लिहितानाही मी तेवढी जागा सोडत आलो.

त्या वेळी कोर्टाचा हुकूम आल्यावर गिटार परत द्यायच्या पावतीवर रंगाचा रकाना होता. मुलगा तोवर जहाजावर रुजू झाला होता, म्हणून आई घ्यायला आली. मी पेन धरून थांबलो.

"मावशी, रंग काय लिहू?"

तिनं गिटार पदरानं पुसली. "मामानं आनली तोच लिव."

मी 'निळा' लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला.