अपडेटला नाही म्हणणारी नजमाबाई

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर गाव सांगेलच, आणि तिखटमीठ लावून सांगेल. मी शालिग्राम. वरवट बकालला बाजाराच्या रस्त्यावर माझी पिठाची चक्की आहे. बोलतो आपली वऱ्हाडी. पण लिहायला बसलो की शाळेतल्या मास्तरांची छडी आठवते आणि हात आपोआप सरळ चालायला लागतो. त्याला माझा इलाज नाही.

चक्कीच्या भिंतीला लागून नजमुन्निसाचं घर. सारं गाव तिला नजमाबाई म्हणतं. नवरा शाकिर फवारणीचे पंप दुरुस्त करतो, पिशवीत पाने-पक्कड टाकून दिवसभर खेडोपाडी फिरतो. नजमाबाईनं घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडलेला. सरकारी नाही, कोणी दिलेला नाही. तिचा स्वतःचा, अकोल्याहून जुना आणलेला. तालुक्याला चार चकरा मारून तिनं शेतकऱ्यांचे अर्ज भरायची परवानगी काढली आणि अंगठा घ्यायचं एक छोटं काळं यंत्रही मिळवलं.

बाई ठेंगणी, चाळिशीची, आवाज हळू. पण नाही म्हणायला लागली तर साक्षात तहसीलदार समोर आला तरी नाहीच. आम्ही बाकीचे लोक कसे? कोणी पँटवाला पुढ्यात उभा राहून विचारायला लागला की आमची मुंडी आधी हलते, मग कान ऐकतात. इथं सही कर. हाव. इथं अंगठा दे. हाव. नवीन वाण आलं आहे, तीन पाकिटं टाकू का? हाव. घरी आल्यावर बायको विचारते की कशाला हो म्हटलं, तेव्हा मग डोकं खाजवायचं.

बीटी कपाशीच्या थैलीबरोबर साध्या सरकीचं एक छोटं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेनं पेरायचं, म्हणजे बोंडअळी बीटीला सोकावत नाही, असं थैलीवरच छापलेलं. बियाणंवाला म्हणायचा, ते फेका, जागा कशाला अडवता? आम्ही म्हटलं हाव, आणि फेकलं. नजमाबाईनं आपल्या तीन एकरांत ते दरसाल पेरलं. लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली ती अशी आली की बोंड वरून टुमटुमीत आणि फोडलं की आत किडा वळवळतोय. तिच्या शेतातही तेच झालं, कारण आजूबाजूला आम्ही सगळे हाववाले.

मी तिला चिडवलं, "काय मिळालं व बाई पाकीट पेरून?"

ती म्हणाली, "तुम्ही पेरलं असतं तं मिळालं असतं, शालिग्रामभाऊ."

मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मला राग लवकर येतो, आणि खरं बोलणाऱ्याचा तर जास्तच येतो.

तर त्या सालची गोष्ट. नुकसानीचे अर्ज कॉम्प्युटरवर भरायचे होते. सगळी माहिती भरून झाली की शेवटी त्या काळ्या यंत्रावर बोट ठेवायचं. बोट जुळलं की अर्ज गेला. आता यात एक गोम होती. इंटरनेट ज्यातून बघतात तो ब्राउझर. ते यंत्र फक्त जुन्या ब्राउझरमध्ये चालायचं. नवा ब्राउझर त्याला ओळखच द्यायचा नाही. आणि ब्राउझर तर कोणाला न विचारता स्वतःच नवा होऊन बसायचा. दिवाळीनंतर एका सकाळी तसं झालं, आणि नजमाबाईचे दोन दिवस गेले तेव्हा कुठे तिला दुखणं सापडलं. तिनं जुना ब्राउझर शोधून काढला, पेन ड्राइव्हमध्ये जपून ठेवला आणि कॉम्प्युटरला बजावलं की मला विचारल्याशिवाय नवीन काही घ्यायचं नाही. तेव्हापासून अधूनमधून पडद्यावर चौकट यायची: नवीन आवृत्ती तयार आहे, आता लावायची का? नजमाबाई न चुकता नाही दाबायची. माशी हाकलावी तशी.

अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. बाकी सगळ्यांचे अर्ज झाले होते, उरल्या होत्या फक्त सत्यभामाबाई. ही म्हातारी कडूबाची बायको. कडूबा वारून तीन वर्षं झाली. त्याच्या मागं दोन एकरांच्या सातबाऱ्यावर तिचं नाव चढायला दोन वर्षं लागली, आणि तलाठ्याच्या दारात तिच्या वहाणा झिजल्या त्या वेगळ्याच. आता तिचा दीर माणिकराव म्हणत होता, वयनी, तुमच्याच्यानं हे होत नाही, माझ्या नावानं अर्ज करू. तिच्या संमतीचा अंगठा कागदावर मिळाला की त्याला तसा अर्ज करता येत होता. दिराच्या मनात काय आहे ते म्हातारीला पुरतं कळत होतं. एकदा त्याचं नाव लागलं की पुढच्या प्रत्येक कागदावर त्याचंच लागणार, आणि वर्षा-दोन वर्षांत वावरही त्याचंच होणार. पण जन्मभर घरात कोणी विचारलं की मान हलवायची सवय.

दुपारी एकच्या सुमाराला ती येऊन बसली. नजमाबाईनं अर्ज पुरा भरला. फक्त बोट राहिलं. तेवढ्यात नमाजेची वेळ झाली. "शालिग्रामभाऊ, जरा बसा यांच्यापाशी, आलीच मी," म्हणून ती आत गेली. माझी चक्की बंदच होती, मी खुर्चीवर बसलो. आणि ती चौकट आली.

आता माझं बघा. दहावी पास माणूस, वाचता येतं. त्यानं एवढं अदबीनं विचारलं, खाली दोन बटणं दिली, एक हिरवं आणि एक मळकट. म्हातारी म्हणाली, "काय म्हणते ते?" मी म्हटलं, "काहीतरी नवीन देऊन राह्यला." ती म्हणाली, "मंग घ्या ना." मी हिरवं दाबलं.

नजमाबाई बाहेर आली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही काही दाबलं?"

"त्यानं इचारलं, म्या हाव म्हटलं."

"अल्ला!" एवढंच म्हणाली. मला वाटलं शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन दिल्या असत्या. ती खाली बसली आणि घड्याळ पाहिलं. पावणेदोन. आमच्याकडची लाईट त्या आठवड्यात चार वाजता जायची ती रात्रीच यायची.

तिनं वेलदोड्यांच्या डबीतून पेन ड्राइव्ह काढला. नवा ब्राउझर उपटला, जुना लावला. उघडला, यंत्राची खिडकी दिसली, म्हातारीला म्हणाली या पुढं. म्हातारी उठून येईपर्यंत ब्राउझर स्वतःच बंद झाला, स्वतःच उघडला आणि पुन्हा नवा! इंटरनेट चालू होतं ना, त्यानं लगेच ओढून घेतलं. मी कपाळावर हात मारला. नजमाबाईनं काही केलं नाही, फक्त ओढणी डोक्यावर नीट घेतली.

इतक्यात माणिकराव आला. खिशात संमतीचा कागद आणि शाईचं पॅड सुद्धा घेऊन आलेला, म्हणजे तयारी बघा.

"काऊन वयनी, नाई होऊन राह्यलं ना? म्या म्हटलंच होतं. द्या अंगठा, मी सोनाळ्याले जाऊन भरून टाकतो. घरातल्या घरात तं आहे."

सत्यभामाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. हात पदराखालून निघायला लागला. मला ते दिसत होतं आणि मी नुसता शर्टावरचं पीठ झटकत राहिलो, कारण सगळं माझ्यामुळेच झालेलं.

"मावशी, हात खाली ठेवा," नजमाबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "चार वाजेपर्यंत अंगठा कोणालेच द्यायचा नाही. चारनंतर तुम्हाले जे वाटलं ते करा."

"अन् तुमचं नाई जमलं तं?" माणिकराव म्हणाला.

"तं चारनंतर बोलू."

तिनं तालुक्याला अविनाशला फोन लावला. हा यंत्रांचं काम पाहणारा. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मला ऐकू आलं. अविनाश म्हणाला, "म्याडम, अपडेट बंद नका करू. जुन्या ब्राउझरमधून चोर शिरतात, मी उद्या येऊन बघतो."

"उद्या तारीख नाही, अविनाशभाऊ. अन् तुमचं खरं आहे, मी नाही कुठं म्हणते? म्हणूनच ब्यांकेचं काम मी यावर करत नाही. ह्या ब्राउझरमधून ही एकच साइट उघडीन. अर्ज संपले की माझ्या हातानं चालू करीन. पण आज बंद करते. घर माझं, कॉम्प्युटर माझा. आत कोणाले घ्यायचं ते मी ठरवीन. फक्त एवढं सांगा, सेटिंगमधून बंद करून भागते का?"

तो आवाज बारीक करून म्हणाला, "नाही भागत. मागं एक सेवा, म्हणजे न दिसणारा प्रोग्राम, चालूच राहते, ती वेगळी बंद करावी लागते. मी सांगितलं म्हणू नका."

आता तिनं पहिल्यांदा काय केलं, तर मागची इंटरनेटची तार उपसून टाकली. मग जुना ब्राउझर पुन्हा लावला. सेटिंगमध्ये जाऊन "कधीही तपासू नका" वर टिचकी मारली. मग कुठलीशी लांबलचक यादी उघडली, शे-दीडशे नावं, सगळी इंग्रजी. बोट पडद्याला लावून एकेक ओळ वाचत खाली. मी म्हटलं, "सापडन का?" ती म्हणाली, "चूप बसा." मी बसलो. माझ्या चक्कीसमोर पायली घेऊन चार बाया उभ्या होत्या, शंख करत होत्या, "चक्की चालू करा नाई तं ज्वारी वापस द्या!" मी दारातून ओरडलो, "आज चक्की बंद! चक्कीनं इथला करंट पडते. घरी भात टाका!" एक बाई मला असं काही बोलली की ते लिहिता येत नाही.

सव्वातीन वाजता तिला ती सेवा सापडली. बंद केली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून पाहिला, बंदच राहिली. मग वेळापत्रकात एक काम लपून बसलेलं निघालं, दर तासाला उठून ब्राउझर तपासणारं. तेही मोडलं. तेव्हा कुठे तार लावली. आम्ही सगळे पडद्याकडे टक लावून. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ब्राउझर जुना तो जुनाच. चौकटही आली नाही.

"आता इचारणार पण नाही का तो?" मी म्हटलं.

"नाही. तुमच्यासारखे लोक असल्यावर इचारू देणंच धोक्याचं."

हे मला लागलं. लागायलाच पाहिजे होतं.

यंत्राची खिडकी उघडली. म्हातारीनं अंगठा ठेवला. जुळला नाही. पहिलं बोट, नाही. मधलं, नाही. महिनाभर कपाशी वेचून बोटांची कातडी बोंडाच्या टरफलांनी सोलून निघालेली, रेषा राहिल्याच कुठं होत्या? माणिकराव शाईचं पॅड उघडून बसला. पावणेचार झाले. नजमाबाईनं कोमट पाण्यात फडकं भिजवून आणलं आणि म्हातारीचा डावा हात मांडीवर घेऊन एकेक बोट पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं. "डाव्या हातानं कमी वेचता ना मावशी?" म्हणाली. करंगळीजवळचं बोट ठेवलं. पडद्यावरचं चक्र गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हिरवी खूण आली.

मी मोठ्यानं ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण चक्कीसमोर अजून खोळंबलेल्या बाया आत आल्या. नजमाबाईनं लगेच पावती छापायला लावली. कागद पूर्ण बाहेर पडला आणि मिनिटाभरात लाईट गेली. पंखा थांबला.

माणिकराव उठला. "ठीक आहे," म्हणाला. "वयनी, मी घरी जातो."

"थांबा भाऊजी," सत्यभामाबाई म्हणाली. तिनं पावती माझ्या हातात दिली. "शालिग्रामभाऊ, तुम्हाले वाचता येते. काय लिहिलं ते वाचा."

मी उजेडासाठी दारात गेलो आणि वाचलं, "अर्जदार, सत्यभामा कडूबा."

"जोरानं वाचा."

"अर्जदार, सत्यभामा कडूबा. क्षेत्र दोन एकर. अर्ज स्वीकारला."

म्हातारी डोळे पुसत नव्हती, पाणी तसंच खाली जात होतं. माणिकराव दाराशी उभा होता, बाया उभ्या होत्या, रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले होते.

"लगन झाल्यापासून," ती म्हणाली, "माहं नाव असं चार लोकाईत कोनी घेतलंच नव्हतं. कडूबाची बायको, नाई तं वयनी. अजून एक डाव वाचा ना, भाऊ."

मी वाचलं. माणिकरावाकडे तोंड करून, पूर्ण नाव, जेवढा गळा होता तेवढ्यानं.